शेकलेल्या कुटाराचं सरण

सासूबाई गेल्या तेव्हा पावसाची झड लागलेली होती. आमच्या सोनाळ्याच्या बाजूला झड लागली की सातपुडा दिसेनासा होतो, गोठ्यातला कोरडा कोपराही दमट लागतो आणि काडेपेटीची काडी घासली तर तिचा गूलच गळून पडतो. अशा दिवसांत माणसानं मरू नये, असं आमच्या गावात उघड बोलतात. सासूबाईंनी जन्मात कुणाला त्रास दिला नव्हता, पण जायची वेळ काही त्यांच्या हातात नव्हती.

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. तिथं काय झालं ते मला नवऱ्याकडून कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं, पुढच्या कितीतरी दिवसांत. स्मशानातल्या शेडचे पत्रे उन्हाळ्यातल्या वादळात उडून गेले होते आणि परत कुणी बसवले नव्हते. लाकडं ओली होती. गोवऱ्या वरून कोरड्या दिसत होत्या, पण आतून ओल धरलेल्या. डिझेल ओतलं, साखर टाकली, माणसं सरणावर पत्रे धरून उभी राहिली. जाळ उठायचा आणि बसायचा. शेवटी कुणीतरी पंक्चरच्या दुकानातून जुने टायर आणले आणि काम एकदाचं उरकलं.

राख सावडायला गेले तेव्हा अस्थींबरोबर टायरमधल्या तारा निघाल्या. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्या तारा एकेक करून वेगळ्या केल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घरी आल्यावर ते न्हाणीत किती तरी वेळ हात धूत बसले. मी पाणी ओतत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "गाडीच्या टायरवर जाळली म्या तिले."

मी तशी तोंडाळ. माझं माहेर देऊळगाव राजाकडचं, जालन्याला लागून. लग्न होऊन इकडे आले तेव्हा माझं बोलणं ऐकून सगळं घर हसायचं आणि मी प्रत्येकाला उलटून बोलायचे. मामाजी म्हणायचे, हिच्या जिभेले धार लावाची गरज नाई. पण त्या दिवशी मी नुसती तांब्यानं पाणी ओतत राहिले.

मामाजींनी सारी उमर जळगाव जामोदच्या एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढली होती. कापसाच्या गठाणी बांधायचा प्रेस, इंजिन, पट्टे, सगळं त्यांच्या हाताखालचं. जिनिंगला लागून सरकीची तेलगिरणी होती आणि तिच्या बॉयलरमध्ये कांड्या जाळायचे. कांडी म्हणजे कुटार, तुराट्या, भुसा असलं काहीबाही बारीक करून मशीननं दाबून काढलेला मनगटाएवढा जाड दांडा. दिसायला लाकडासारखा, पण पाणी लागलं की फुगून भुसा होणारा. मामाजींनी तिथं एक गोष्ट पाहिली होती. ताजी कांडी पावसात पडली तर सकाळपर्यंत तिचा लगदा व्हायचा. पण बॉयलरच्या तोंडाशी धग खाऊन काळपट झालेली, न पेटताच बाहेर ओढली गेलेली कांडी अंगणात पावसाळाभर पडून राहिली तरी जशीच्या तशी असायची. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कुठंतरी पडून होती. सासूबाई गेल्यानंतर ती वर आली.

सोयाबीन निघालं की आमच्याकडे कुटाराचे, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाचे, ढीग लागतात. चांगलं कुटार ढोरांना जातं. पण काढणीच्या वेळी पाऊस झाला की ते काळं पडतं, त्याला बुरशीचा वास येतो आणि म्हैस तोंड फिरवते. असले ढीग लोक वावरातच पेटवून देतात. मामाजी गावभर सांगत सुटले, "पेटवू नका, मले द्या." लोकांना वाटलं, बायको गेल्यानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मीही घरात बडबडले, की ढोरांच्या तोंडचा घास कशाला नासवता. त्यांनी मला हाताला धरून ढिगापाशी नेलं आणि मूठभर काळं कुटार माझ्या नाकाशी धरलं. "हे तू खाशीन का? मंग म्हैस काऊन खाईन?" पुढे मी त्या बाबतीत बोलले नाही, बाकी बाबतीत बोलायची सोय होतीच.

मोठ्या रस्त्यावर कांड्या दाबून देणारा एक कारखाना होता. तिथून कुटाराच्या कांड्या करून आणल्या. मग भट्टी. बुद्धविहाराच्या मागे मामाजींचे एक जुने सोबती राहायचे, जिनिंगमधले वेल्डर. दोघांनी मिळून आमच्या मागच्या अंगणात एक मोठा ड्रम उभा केला. त्याच्या आत छोटा ड्रम. छोट्या ड्रमात कांड्या ठासून भरायच्या, झाकण लावायचं, सांधे चिखलानं लिंपायचे. बाहेरच्या ड्रममध्ये पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, जाळ करायचा. आतल्या कांड्यांना हवा मिळत नाही म्हणून त्या पेटत नाहीत, नुसत्या शेकतात. त्यांचा धूर एका पाइपातून बाहेर पडतो. आधी पांढरी वाफ येते, मग पिवळसर धूर, आंबूस वासाचा. तो पातळ व्हायला लागला की जाळ ओढून घ्यायचा आणि ड्रम पुरता गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. माझ्या नवऱ्यानं एकदा घाईनं झाकण उघडलं. हवा लागताच आतला सगळा माल भपकन पेटला, याच्या भुवया गेल्या आणि मामाजींच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

त्या आंबूस धुरानं माझा जीव नकोसा केला होता. दोरीवरच्या साड्यांना वास, माठातल्या पाण्याला वास. शेजारच्या बायकांना वाटलं की आम्ही हातभट्टी लावली. ड्रम आहे, पाइप आहे, वास आंबट आहे, आणखी काय पाहिजे? पोलीस पाटील येऊन पाइपाचं तोंड हुंगून गेले. जाताना मला म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर शंका नाई, पन विचारा लागते." मी म्हटलं, विचारा की, चहा घेऊन विचारा. मामाजी त्या दिवशी हसले. सासूबाई गेल्यानंतरचं ते पहिलं हसणं.

पहिला माल फुकट गेला. जास्त शेकला आणि निव्वळ कोळसा निघाला. मला तो चांगला वाटला, भाकरी शेकायला निखारा मस्त होता. मामाजींनी मात्र मान हलवली. "सरनाले जाळ लागते सूनबाई. निखाऱ्यावर मानूस जळत नाई." तेव्हा मला कळलं, की हा सगळा खटाटोप कशासाठी चालला आहे.

मग त्यांनी धग कमी केली, वेळ कमी केली, पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी कांड्या कॉफीच्या रंगाच्या निघू लागल्या. मोडली तर काडकन मोडायची, पेटवली तर उभा जाळ धरायची आणि धूर लाकडाच्या मानानं काहीच नाही. एका संध्याकाळी त्यांनी दोन बादल्या मांडल्या. एकीत साधी कांडी टाकली, एकीत शेकलेली. सकाळी पहिल्या बादलीत नुसती पेज झाली होती. दुसऱ्या बादलीतली कांडी त्यांनी बाहेर काढली, धोतरानं पुसली आणि चुलीत घातली. थोडी चरचरली आणि पेटली. मामाजी चुलीसमोर उकिडवे बसून पाहत राहिले. मग तिथंच बसून रडले. मी भाकरी थापणं थांबवलं नाही. तेवढीच सोबत मला त्या वेळी करता आली.

गावानं त्या कांड्या आनंदानं घेतल्या. आंघोळीच्या पाण्याला, लग्नातल्या चुलाणांना, हुरड्याला. बायकांना तर त्या फारच आवडल्या, कारण डोळ्यांत धूर जात नाही. मामाजी कुणाला नाही म्हणत नसत, पण त्यांचं मन तिथं नव्हतं. एक दिवस मारुतीच्या पारावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की हे पावसाळ्यातल्या मयतीसाठी आहे, आता गावात कुणालाही टायरवर जाळायची पाळी येणार नाही.

मग मामाजींचे बालमित्र बोलले. आमच्या शेजारच्या गल्लीत राहतात, मी त्यांना काकाजी म्हणते. गावात मयत झाली की पहिलं बोलावणं त्यांनाच. तिरडी बांधायची ती त्यांनीच, मडकं कुणी धरायचं, पाय कुठल्या दिशेला, सगळं त्यांच्या शब्दावर चालतं. माणूस मोठ्या मनाचा. आजाराच्या साथीत जिथं घरचे पुढे झाले नाहीत तिथं हे एकटे गेले आहेत. त्यामुळे त्यांच्या शब्दाला गावात वजन आहे.

"हे आपल्याले नाई चालत गड्या," ते म्हणाले. "याले आगीनं एकदा तोंड लावलेलं हाय. उष्टं हाय हे. अग्नीले उष्टं वाढतं का कोनी?"

मामाजी म्हणाले, "तोंड काहाचं लावलं? झाकनाच्या आत होतं ते. आगीनं पाह्यलंबी नाई त्याले. निस्ता शेक लागला."

"शेक लागला म्हंजे चव घेतली."

मामाजी घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. काकाजी त्यांच्या मागोमाग, समजूत घालायला. मी चहा घेऊन बाहेर आले आणि मला राहवलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हटलं, "काकाजी, नागपंचमीला तुम्ही नागोबाला लाह्या वाहता, त्या कढईत फोडूनच ना? त्या नाही होत उष्ट्या?"

काकाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "देवाची गोष्ट येगळी आन मयताची येगळी, सूनबाई," ते म्हणाले. "देव नाराज झाला त त्याले उद्या मनवता येते. मेलेल्या मानसाले कसं मनवू? म्या चुकीचं केलं आन त्याचा जीव अडकला, त मी कोनाले जाऊन सांगू?"

त्या माणसाला खरोखर भीती वाटत होती, दुसऱ्यांसाठी भीती. अशा माणसावर रागावताही येत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त संतापजनक वाटलं.

मग मामाजींनी आपल्या वेल्डर मित्राला विचारलं, तुमच्याकडे तरी चालेल का. ते म्हणाले, "आमच्यात चालते. पन त्यासाठी मले आताच मरा लावतं का बे?" दोघं म्हातारे अंगणात बसून हसले.

भट्टी मात्र बंद झाली नाही. मागच्या अंगणात भिंतीला लावून कांड्यांची थप्पी वाढत गेली. तिच्यावर त्यांनी मुद्दाम छप्पर घातलं नाही. पावसात भिजायची, उन्हात सुकायची, आणि होती तशी राहायची. पुढच्या पावसाळ्यात गावात मयत झाली. मामाजींनी हातगाडीवर कांड्या रचल्या आणि स्मशानाच्या वाटेवर पुलापाशी जाऊन उभे राहिले. कुणाला म्हणाले काही नाही. तिरडी आली, त्यांच्या अंगावरून पुढे गेली, मागची माणसं मान खाली घालून गेली. ओली लाकडं भरलेली ट्रॉली त्यांच्यामागून गेली. ते हातगाडी ढकलत परत आले तेव्हा मी दारातच होते. मला गावाचा इतका राग आला, की मी चार शिव्या मोठ्यानं दिल्या, अगदी माहेरच्या भाषेत. मामाजी म्हणाले, "त्याईले काई म्हनू नको. भेतात ते." आणि एकेक कांडी परत थप्पीला लावू लागले.

ती थप्पी पाहून लोकांनी आपापला अर्थ लावला. म्हातारा स्वतःचं सरण स्वतः रचून बसला आहे, असं गावात बोलू लागले. पाहुण्या बायका मागच्या अंगणात जायला बिचकायच्या. नवरा चिडायचा. म्हणायचा, "बाबा, हे मोडून टाका, मले पाह्यवत नाई." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. ज्यानं केलं त्याच्यापासूनच सुरुवात होईल, मग गावाची भीती मोडेल, असा हिशेब मी मनात मांडून ठेवला होता. तो मांडल्याचं मला वाईट वाटायचं आणि तरी तो पुसला जात नव्हता.

मामाजींचं दुखणं उन्हाळ्यात सुरू झालं. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, जे खातील ते द्या. त्यांना ओसरीवर खाट टाकून दिली, तिथून मागचं अंगण दिसायचं. ऊन असं होतं की दुपारी अंगणात पाय ठेववत नव्हता. एका सकाळी त्यांनी आम्हा दोघांना जवळ बसवलं. आवाज गेला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"मले बाभयीची लाकडं द्या. निंबाचीबी चालतीन. ऊन हाय, फडफडा जयतीन. त्या थप्पीले हात लावू नका."

नवरा म्हणाला, "बाबा, तुमीच त बनवलं ते. सारं गाव म्हनते, तुमच्यासाठी हाय."

"माह्यासाठी?" त्यांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, झोप लागली. मग म्हणाले, "तुह्या मायसाठी बनवलं मी ते. थे त गेली. आता ज्याची येळ पावसात येईन, त्याले द्या. माही येळ उन्हाळ्यात आली, माही सोय झाली. दुसऱ्याचं कायले वापरू?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. पाण्याचा तांब्या भरला आणि तसाच ठेवला. इतकी वर्षं ज्या माणसाच्या पानात मी वाढत होते, त्याला मी ओळखलंच नव्हतं असं मला वाटलं.

ते गेले त्या दिवशी गावावर ऊन तापत होतं. तिरडी काकाजींनीच बांधली. सुतळीची गाठ त्यांच्या हातून सुटत होती, पुन्हा बांधत होते, पुन्हा सुटत होती. दुसरा कुणी पुढे झाला तर त्याला हातानं मागे सारत होते. बाभळीच्या वाळक्या लाकडांवर मामाजी दिवस मावळायच्या आत शांत झाले. मागच्या अंगणातली थप्पी जागच्या जागी राहिली. ड्रम गार पडला.

त्याच वर्षी श्रावणात झड लागली आणि काकाजींच्या घरून रडण्याचा आवाज आला. त्यांची बायको बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. मी जाऊन आले, बायकांत बसले, तिच्या पायाला हात लावला. माझ्या सासूबाईंची ती जवळची मैत्रीण. दोघी एकाच दिवशी या गावात नवरी होऊन आल्या, असं सासूबाई सांगायच्या. बाहेर पावसाला खंड नव्हता. पुरुष पडवीत उभं राहून आभाळाकडे पाहत होते आणि कुणीच काही सुचवत नव्हतं.

मी घरी आले आणि थोड्या वेळानं मागच्या दाराची कडी वाजली. काकाजी होते. ज्याची बायको गेली तो माणूस असा घराबाहेर पडत नाही, कुणालातरी पाठवतो. पण गावातल्या प्रत्येक मयतीची धावपळ त्यांनीच केलेली. अंगावर भिजलेली बंडी, डोक्यावर पोत्याची खोळ. आत या म्हटलं तर आले नाहीत. थप्पीपाशी उभे राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "पाऊस थांबून नाई राह्यला."

एवढंच बोलले. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पुलापाशी उभी असलेली हातगाडी, तिच्या बाजूनं गेलेली माणसं, उष्टं, चव, सगळं. ते बोलून दाखवायची मी किती दिवस वाट पाहिली होती. त्यांनी थप्पीवरची एक कांडी दोन्ही हातांनी उचलली आणि मी ते गिळलं. नवऱ्याला हाक मारून म्हटलं, "ट्रॅक्टर काढा."

गल्लीतली माणसं आली. भरभर कांड्या ट्रॉलीत पडू लागल्या, ओल्या, पाणी निथळणाऱ्या. काकाजी स्वतः एकेक उचलून देत होते, नवरा नको नको म्हणत असताना. ट्रॉली भरली तसं त्यांनी सवयीनं ताडपत्री ओढली आणि कोपरे बांधायला लागले.

मी जवळ गेले. "काकाजी, ताडपत्री काढा," मी म्हटलं. "भिजू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताडपत्री गोळा करून काखेत धरली आणि ट्रॉलीमागं चालू लागले. भर पावसात ती उघडी ट्रॉली गल्लीतून गेली आणि दारादारांत उभ्या असलेल्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या.

आमच्या गच्चीवरून नाल्यापलीकडचं स्मशान दिसतं. बायकांनी तिकडे जायचं नसतं, पण बघायचंही नसतं असं कुणी सांगितलेलं नाही. मी वर जाऊन कठड्याला टेकून उभी राहिले. आधी नुसता धूर दिसला. मग जाळ वर आला, पुरुषभर उंच, पिवळाजर्द. पाऊस पडत होता आणि जाळ खाली बसत नव्हता. मी पदर तोंडाशी धरून रडले, सासूबाईंसाठी रडायचं राहिलं होतं तेही रडले. मामाजींना हे दिसायला पाहिजे होतं.